चांद्याची टीम नागपूरला गेली

माझ्या आईला थोडका भात रांधता येत नसे. घरात आम्ही तिघंच, बाबा, आई आणि मी. पण चुलीवर चढायची ती लग्नघरातली वाटावी अशी मोठी गंजी, कारण खाणीच्या फुटबॉल टीममधले जे कोणी एकटे राहत ते सगळे आमच्याकडे जेवत. शिधा कंपनीचा, रांधणं आईचं. खाणीच्या लायनीतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात दगडी कोळशाची शेगडी. तिच्या धुरानं दोरीवरचं पांढरं लुगडं संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचं. जमिनीखाली सुरुंग उडाला की आधी फळीवरचे पितळी पेले किणकिणत आणि मागोमाग पायाखालून एक धक्का येई. पाहुणे दचकत, आम्ही घाससुद्धा थांबवत नसू. भोंगा झाला की आई भात उतरवी आणि अंगणात पंगत बसे. लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, हिवाळ्यात कोथिंबिरीची सांबारवडी, आणि बाजारात तळ्याची मासोळी आली असेल तर तिचा लालभडक रस्सा. सामन्याच्या दिवशी दुपारी मात्र पातळ आंबिलीखेरीज काही मिळत नसे. "पोट जड झालं तं पाय उचलत नाई," असा बाबांचा कायदा होता. सामना संपल्यावर आईचा वाढता हात थांबायचा नाही.

तेव्हा आमच्याकडचे बहुतेक खेळाडू अनवाणीच खेळत, पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळून. त्यामुळे रविवारच्या संध्याकाळी आमच्या अंगणात बारा-चौदा माणसं मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ओळीनं बसलेली असत आणि आई कढईत हळद-तेल गरम करत असे. तो हळदीचा, घामाचा आणि कोळशाच्या धुराचा मिळून झालेला वास मला आजही कधी मध्येच येतो, आणि आला की आनंदाबरोबर छातीत काहीतरी रुतल्यासारखं होतं. त्या वासावर माझा हक्क नाही, असं काहीसं.

कागदावर ते सगळे खाणकामगार होते. हजेरी लागे, पगार होई, पण खाली खाणीत त्यांच्यापैकी कोणी उतरत नसे. सकाळी वर्कशॉपात किंवा स्टोअरमध्ये हलकं काम आणि दुपारनंतर मैदान. खेळायसाठीच त्यांना ठेवलेलं होतं आणि ही गोष्ट खाणीत सगळ्यांना माहीत होती. कोणी कुरकुर करत नसे, कारण टीम साऱ्या चांद्याची होती. (आता चंद्रपूर म्हणतात. माझ्या तोंडी अजून चांदाच येतं.) मैदान परकोटाला लागून होतं. गोंड राजांच्या त्या जुन्या भिंतीवर माणसं फुकटात बसत, पोरं कंगोऱ्यांत अडकवल्यासारखी दिसत, आणि भाजीवाल्या बाया त्या दिवशी दुपारीच टोपल्या आवरत. माझे बाबा, नारायणभाऊ, टीमचे कॅप्टन होते. एरवी ते खाणीच्या दिवाघरात बाबू होते. खाली उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. कामठीची टीम आमच्याकडून पहिल्यांदा हरली त्या रविवारी लोकांनी बाबांना खांद्यावर घेऊन जटपुरा गेटपर्यंत मिरवलं होतं. आई दारात उभी राहून रडत होती आणि हसत होती.

बाबांच्या खालोखाल लोकांचा जीव होता तो गोलकीपरवर, लालसू मडावीवर. एटापल्लीच्या जंगलातल्या गावातून तो खाणीत कामाला आला होता आणि रुळावरचे कोळशाचे टब ढकलताना निसटलेला एक टब त्यानं अंग टाकून अडवला, ते बाबांनी पाहिलं आणि साहेबाला सांगून त्याला मैदानावर आणलं. उंच, सडपातळ आणि केसांचा भारी शौकीन. चड्डीच्या खिशात कंगवा असे. अवघड गोल अडवला की तो चेंडू काखेत धरून आधी भांग नीट करायचा आणि मग चेंडू मारायचा. परकोटावर नुसता धिंगाणा व्हायचा. जेवायला बसला की भांडणं ठरलेली. त्याला वांगं चालत नसे आणि आमच्याकडे वांग्याशिवाय आठवडा जात नसे. "बाई, हे काय खायाची वस्तू हाये?" म्हणून तो पानातली फोड बाजूच्याच्या पानात सरकवी आणि आई उलथनं उगारी. शेजारच्या एका काकूंनी, गोंडाले सगळ्याहीच्या पंगतीत बसवता म्हणून आईला टोकलं, तेव्हा आई म्हणाली, "त्याचं ताट मीच घासतो ना, तुमाले तं नाई सांगत घासाले?" त्या काकू पुन्हा बोलल्या नाहीत. माझ्याशी लालसू थोरल्या भावासारखा वागे. मी भूमितीची आकृती काढत बसले की शेजारी येऊन बसायचा आणि म्हणायचा, "शकू, हे तिकोनं काढून काढून भेटते काय तुले?" मी म्हणे, "मार्क." तो म्हणे, "गोल अडवला तं मले बी मार्क पाह्यजेत मंग."

ही घडी मोडली ती नवे साहेब आल्यावर. कंपनीचं मोठं ऑफिस नागपूरला होतं. मालकांच्या मनात आलं की टीमवर खर्च करायचाच तर ती नागपुरात खेळावी, तिथं मोठ्या टीमा येतात, पेपरात नाव छापून येतं. चांद्यात कोण पाहतं? टीम उचलून नागपूरला न्यायची, नावही बदलायचं, आणि पुढच्या हंगामापासून घरचं मैदान नागपूर. बाबांना साहेबांनी बोलावून सांगितलं की पोरांना समजावून आणायचं काम तुमचं. घरी आल्यावर बाबांनी टोपी खुंटीला लावली, पाणी प्याले आणि आईला म्हणाले, "नागपूरले क्वार्टर भेटते. मोठ्या हापिसात जागा. आन् शकूचं कॉलेज."

आई म्हणाली, "आन् पोट्टे?"

"पोट्टे येतीलच ना. टीमच जाऊन राह्यली."

"आन् इथचे लोक?"

बाबांनी खुंटीवरची टोपी सरळ केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले काय वाटते, शकू?"

मी त्या वर्षी मॅट्रिकला होते. आमच्या लायनीत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मुलगी दुसरी नव्हती. मला सायन्स घ्यायचं होतं आणि त्यासाठी नागपूर, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पण आजवर ते तोंडावर आणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "मले जायचं आहे, बाबा." बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. जणू त्यांना तेवढंच कोणाकडून तरी ऐकायचं होतं. सोळा वर्षांच्या पोरीनं शिकायचं आहे म्हणणं यात काय वाईट आहे, असं मला पुढे माझ्या नवऱ्यानं, मुलांनी, मैत्रिणींनी अनेकदा सांगितलं आहे. मलाही ते पटतं. पटून काही होत नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी अंगणात सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. पोचम म्हणून आमचा एक विंगर होता, सिरोंच्याकडचा, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारा. तो आधी उठला आणि म्हणाला, "तुम्ही जाता तं मी पन येतो, भाऊ. तुमच्याबिगर मी कोनाले पास देऊ?" त्याच्या पाठोपाठ एकेक जण हो म्हणत गेला. कोणी खुशीनं, कोणी नाइलाजानं. राहिला लालसू. तो भिंतीला टेकून दातात काडी घालून बसला होता.

"मी नाई येत," तो म्हणाला.

"काऊन रे?"

"नागपूरची टीम नागपूरले हायेच ना, भाऊ. एक सोडून दहा हायेत. चांद्याची एकच हाये." थोडं थांबून म्हणाला, "आन् माही अव्वल तिकडं एकटी हाये." अव्वल म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "इथून जाऊन येता येते. नागपूरवरून मले कोन सोडन मयन्या-मयन्याले?"

बाबांनी खूप समजावलं. मग खरं ते सांगितलं, की जो येणार नाही त्याला साध्या मजुरासारखं खाली उतरावं लागेल. खेळाडूची सूट संपली. लालसूनं काडी फेकली. खाणीची त्याला भीती होती. एकदा सुरुंगाच्या धक्क्यानं पेले किणकिणले तेव्हा त्याचं अंग शहारलेलं मी पाहिलं होतं. तो खाली बघत राहिला. तेव्हा बाबा म्हणाले, "ऐक. दिवाघरातली माही जागा खाली होऊन राह्यली. ती तुले द्या म्हनतो साहेबाले. माहा शब्द नाई मोडाचा साहेब, आत्ता त्याले माही गरज हाये."

लालसूनं वर पाहिलं. "बोलाल ना, भाऊ?"

"बोलतो म्हटलं ना."

त्याच आठवड्यात बाबा मला घेऊन साहेबांकडे गेले. माझ्या कॉलेजसाठी साहेब नागपुरात कोणाला तरी शब्द टाकणार होते आणि त्यांना मुलगी बघायची होती. मी आईचं नेसूचं जरा बरं लुगडं नेसले होते आणि ते सावरण्यातच माझं लक्ष होतं. साहेब हिंदी बोलणारे, पोक्त, हसतमुख गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. "साइंस लोगी? मेंढक काटना पड़ेगा," ते म्हणाले. मी म्हटलं, "काटूँगी." ते मोठ्यानं हसले आणि बाबांना म्हणाले, लड़की तेज है, नारायण, इसका काम हो गया समझो. मग विचारलं, पूरी टीम आ रही है ना?

बाबा म्हणाले, "जी साब. एक गोलकीपर नहीं आ रहा. उसकी माँ है गाँव में."

साहेबांचं हसू जरा मावळलं, एवढंच. "गोलकीपर बहुत मिलते हैं. जो नहीं आएगा वो सबके जैसा ड्यूटी पे जाएगा." त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "और कुछ?"

बाबांनी हात पाठीमागे बांधले होते आणि त्या हातांत टोपी होती. मी जरा मागे उभी होते म्हणून मला ती टोपी दिसत होती. ती फिरत होती, गोल गोल. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विचारावं तसंही नाही. दुकानात महागाची वस्तू हातात आल्यावर माणूस तिच्याकडे जसं बघतो तसं. मग ते वळले आणि म्हणाले, "नहीं साब. बस."

मला माहीत होतं काय राहिलं ते. मी अंगणात होते ना त्या रविवारी. परतताना बाबा पुढे चालत होते. खाणीच्या फाटकाशी थांबून, मागे न बघता म्हणाले, "योग्य वेळ पाहून बोलतो. आज साहेब गरम होता." साहेब काही गरम नव्हते. मी "हव" म्हटलं.

चांद्यात ही बातमी कळल्यावर लोक भडकले. साहेबांच्या बंगल्यावर मंडळी गेली, बाजारात सभा झाली, टीमला जाऊ देणार नाही म्हणून आणाभाका झाल्या. मला वाटलं होतं, शेवटच्या सामन्याला कोणी येणार नाही, नाहीतर दगड तरी पडतील. तसं काही झालं नाही. परकोट नेहमीसारखा भरला होता. वर्ध्याची टीम आली होती. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात मला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. लालसूच्या हातात चेंडू आला की भिंतीवरून अशी गर्जना उठायची की कावळे उडावेत. आणि बाबांच्या पायात चेंडू आला की एकदम चिडीचूप. शिवी नाही, शिटी नाही. बाबांनी त्या दिवशी गोल केला. हाफबॅकनं केलेला, लांबून मारलेला, त्यांच्या जन्मातला बहुधा सगळ्यात सुंदर गोल. चेंडू जाळीत पडल्याचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला, इतकं मैदान शांत होतं. बाबा मध्यावर उभे राहून एकदा परकोटाकडे पाहत होते आणि एकदा पायाकडे. माझ्या शेजारी बोरं विकणारी एक म्हातारी होती. ती मला ओळखत होती. तिनं मूठभर बोरं माझ्या ओच्यात टाकली आणि हळूच म्हणाली, "आमी काई वाईट बोलत नाई वो बाई. फक्त टाळी नाई वाजवत." मैदानाच्या टोकाला लालसू एकटाच टाळ्या वाजवत होता, दोन्ही हात डोक्यावर नेऊन. "वा, भाऊ!" म्हणून ओरडत होता. त्याला वाटत होतं त्याचं काम झालेलं आहे.

मोठ्या स्टेशनावर लोक रुळांवर बसणार अशी कुणकुण लागली म्हणून कंपनीनं आम्हाला चांदा फोर्टवरून छोट्या लायनीच्या गाडीनं काढलं, नागभीडला गाडी बदलून नागपूर. तिथंही पंधरा-वीस माणसं जमलीच. लालसू आईचा पाटा डोक्यावर घेऊन आमच्यापुढे चालत होता आणि त्याच्याकडे पाहून लोक बाजूला होत होते. एकानं बाबांच्या अंगावर धावून जायचा आव आणला, तर लालसूनं पाटा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी राह्यलो ना इथी? मंग? माह्या मानसाले हात नोको लावू." त्यानं त्या दिवशी इस्त्री केलेला सदरा घातला होता. सामान लावून झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "सोमवारी दिवाघरात जातो, भाऊ. पोट्टे आतापासूनच लालसूबाबू म्हनून राह्यले." बाबा होल्डॉलचा पट्टा आवळत होते. "हव," ते म्हणाले. पट्टा आधीच आवळलेला होता. आईनं लालसूच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यानं लगेच भांग नीट केला. गाडी हलली.

नागभीडला पुढची गाडी येईपर्यंत बराच वेळ होता. आईनं डबा सोडला, भाकरी मोडली. बाबांनी घास तोंडाशी नेला आणि ठेवून दिला. आईनं सहज विचारलं, "लालसूचं बोलले ना साहेबाशी?" बाबा म्हणाले, "च्या आनतो," आणि उठून गेले. ते चहा घेऊन आले तेव्हा आईनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या आईला न विचारता कळायचं.

नागपूरबद्दल मी काय सांगू? सगळं जे म्हटलं होतं ते मिळालं. क्वार्टरला नळ होता. कॉलेजात मी खरोखरच बेडूक कापला, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिली आणि त्या दिवशी आनंदानं पायीच घरी आले. तो आनंद खरा होता. त्याला खोटं म्हणून मला सुटता येत नाही. टीमचं मात्र काही बरं झालं नाही. नाव नागपूरचं, पण नागपूरच्या माणसाला तिचं काही पडलेलं नव्हतं. मैदानात खेळणारे जास्त आणि बघणारे कमी. बूट घालून खेळायचा हुकूम निघाला. आमच्या पोरांच्या पायांना फोड आले. मग एकेकाच्या जागी हैदराबादचा, कलकत्त्याचा खेळाडू आला. काही हंगामांत टीममध्ये चांद्याचं कोणीच उरलं नाही. पोचम परत गेला. बाबांना आधी बाकावर बसवलं, मग ऑफिसात पूर्णवेळ टेबल दिलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. कोणी अन्याय केला की त्यांना जणू बरंच वाटे. माझा नातू हल्ली मला समजावतो, आजी, क्लब म्हणजे धंदा असतो, जगभर विकतात, एका शहरातून दुसरीकडे नेतात. असेल. मी त्याला एवढंच विचारते, की मागे राहिलेल्यांचं काय करतात? तो म्हणतो, दुसरी टीम पाहतात.

लालसूची बातमी पोचमनं आणली. खाणीत छताचा कोळसा सुटला होता, माणूस वाचला, उजवा हात गेला. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा उठले आणि चपला घालू लागले. मीही गेले त्यांच्याबरोबर. का गेले ते मला धड सांगता येणार नाही. बहुधा त्यांना एकट्यानं जाऊ द्यायला मी भ्याले.

दवाखान्यात लालसू शेवटच्या खाटेवर होता. कोपराच्या खाली पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा. केस तेल न लावलेले, तो मला आधी ओळखूच आला नाही. आम्हाला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला. बाबा खाटेच्या काठावर बसले. लालसूच बोलत होता. बाई कशी हाये, क्वार्टर कसं हाये. मग मला म्हणाला, "कॉलेज बरं हाये ना शकू?" मी मान हलवली. बाहेर कोणाची तरी खोकल्याची उबळ चालली होती. ती थांबल्यावर त्यानं बाबांकडे सरळ पाहून विचारलं,

"भाऊ, तुमी साहेबाशी बोलले होते ना?"

बाबांनी एक क्षणही घेतला नाही. "बोललो होतो रे. लय बोललो. साहेबानं आयकलंच नाई."

मी खाटेच्या लोखंडी कडीकडे पाहत होते. लालसूनं मान उशीला टेकवली. मग डोळे मिटून म्हणाला, "अस्सं. मंग ठीक हाये." बाबांनी त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला. तो त्यानं काढून घेतला नाही, धरलाही नाही. परतीच्या गाडीत बाबा वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "त्याचं मन शांत झालं. तेवढं तं झालं." 

माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी लालसूला आवतण धाडलं. तोवर तो गावी परतला होता, म्हणून आलापल्लीच्या ट्रकवाल्याजवळ निरोप, पुन्हा दुसऱ्याजवळ निरोप. त्याच्यासाठी धोतरजोडी आणून ठेवली होती. मुहूर्त जवळ आला तरी बाबा मांडवाच्या तोंडाशी उभे. मामांनी हाताला धरून आत आणलं. लालसू आला नाही. "लांब पडते त्याले," बाबा म्हणाले. नंतर बरीच वर्षं ती धोतरजोडी आमच्या ट्रंकेत होती.

मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले, आणि नोकरीच्या शेवटी शेवटी बदली होऊन आलापल्लीला गेले. तिथल्या बाजारात एके दिवशी मोहाफुलांच्या टोपल्यांमागे लालसू बसलेला दिसला. पांढरे झालेले केस, पण तेल लावून चापूनचोपून बसवलेले. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यानं मान वर केली आणि बराच वेळ पाहून म्हणाला, "शकू व्हय ना?" शेजारच्या बाईला टोपल्या सांभाळायला सांगून तो मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला. डाव्या हातानं त्यानं बशी इतकी सराईत धरली होती की बघत राहावं. बायको, मुलं, सुना, सगळं सांगून झालं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, एक सांगाचं हाये. बाबा त्या वेळेस..."

"बोलले नव्हते," तो म्हणाला. "मले मालूम हाये."

माझा चहा तसाच राहिला.

"त्या सोमवारी मीच गेलतो साहेबाकडं, इस्त्रीचा सदरा घालून. साहेब म्हने, मुझे किसी ने बोला नहीं. नारायन एक बार बोलता तो दे देता. आन् जागा तं दुसऱ्याले देऊन झालती."

"मग दवाखान्यात विचारलं काऊन?"

त्यानं बशी खाली ठेवली. "तो काय म्हनते ते पाहाचं होतं. म्हनला असता का लालसू, माही हिंमत नाई झाली, पोरीसाठी भेलो, तं मी समजलो असतो ना. माही बी अव्वल होती. तिच्यासाठी मी टीम सोडली होती का नाई? पन तो खोटं बोलला. हात गेलेल्या मानसासमोर." तो रागावून बोलत नव्हता, त्यामुळे मला ऐकवत नव्हतं. "खरं बोलला असता तं मी तुह्या लग्नाले आलो असतो. पायदळ आलो असतो."

त्यानं मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. पुन्हा ये म्हणाला नाही.

बाबा तेव्हा हयात होते, नागपूरला माझ्या मुलाकडे. आई गेली होती. सुट्टीत गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं, की लालसूला पहिल्यापासून माहीत होतं. सांगायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना वाटत होतं की निदान त्या माणसाच्या मनाला त्यांनी शांत केलं, आणि तेवढ्यावर ते इतकी वर्षं जगले होते. ते मी काढून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. काठी घेऊन अंगणात गेले आणि तुळशीशी बराच वेळ उभे राहिले. मी म्हटलं, आपण जाऊ आलापल्लीला, मी नेते तुम्हाला. "जाऊ," ते म्हणाले. पण त्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच.

शेवटी शेवटी त्यांना सगळं विसरायला झालं. टीममधल्यांची नावं गेली, खाणीचं नाव गेलं, कधी कधी मला ते आईच्या नावानं हाक मारत. एक गोष्ट मात्र त्यांना सोडत नव्हती. जेवण भरवताना, अंग पुसताना मध्येच माझं मनगट धरून ते विचारत, "त्याले मालूम होतं, तं त्यानं मले विचारलं काऊन?"

मी दर वेळी म्हणायची, "माहीत नाई, बाबा."

मला माहीत होतं. आणि माझ्या मनगटावरची त्यांची पकड पाहता, त्यांनाही माहीत असावं.